अण्णांचे वजन

किल्ल्याच्या बुरुजावर उमटलेले सकाळचे ऊन बाजारपेठेच्या पत्र्यांवरून हळूहळू उतरत आमच्या अंगणात आले, पायरीवर क्षणभर रेंगाळले आणि खुर्चीत बसलेल्या माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या मनगटांवर स्थिरावले. ती मनगटे आता काठीसारखी दिसत होती.

वजन घटवल्याबद्दल आज त्यांचा सत्कार होता. पोषण क्लब चालवणाऱ्या रणधीरने त्यांच्या खांद्यावर शाल घातली. “मल्लिनाथअण्णा, आमच्या पावडरीची चालती-बोलती जाहिरात झालाव तुमी,” तो म्हणाला आणि जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या.

पिष्टमय पदार्थ कोणते आणि स्निग्ध कोणते, हेही न कळणाऱ्या त्या गर्दीची मला कीव येत होती. श्रेय माझे होते. कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या मीच त्यांची भाकरी बंद केली होती. कर्बोदके मिळेनाशी झाली की शरीर साठवलेली चरबी जाळते, इतका तो साधा नियम. आई त्यांच्या तहानेविषयी बोलली की मी उन्हाळ्याला दोष देऊन मोकळा होत असे.

चहा घेऊन आलेली आई शालीकडे पाहत म्हणाली, “कसली पावडर अन् कसलं शास्त्र रे? तुझ्या माघारी चार-चार भाकरी खातेत, तांब्या-तांब्या पाणी पितेत, तरी वाळतच चाललेत.”


भाकरीतून रक्तात आलेली साखर पेशींना वापरता येत नसेल, तरीही शरीर चरबीच जाळते. अण्णांना मधुमेह झाला होता.