सुतळीची गाठ

दहिवडीच्या गुंडा सायकलवाल्यानं उभ्या जन्मात कुठल्या सायकलीत एवढा जीव ओतला नव्हता. फौजेतला कृष्णात सुट्टी संपवून जाताना सांगून गेला होता, "गड्या, स्टँडपासनं आमच्या माळावरच्या वस्तीपातुर दगडाधोंड्यातनं पळंल आशी कर." गुंडानं लोखंडी पट्टी वाकवून टांग्याला शोभतील अशी थोराड चाकं केली, त्यांवर ट्रकच्या जुन्या टायरचं रबर चढवलं. सहाफुटी कृष्णातच्या पायाचं माप सुतळीला गाठ मारून खिळ्यावर टांगलेलं होतं. त्या मापानं सीट बसवली.

एकाहत्तरची लढाई संपून महिना झाला, तेव्हा कृष्णातचे वडील लालासाहेब दुकानात आले. चाकावरनं हात फिरवत म्हणाले, "चाकं लय झ्याक. आजून एक कर."

"आवं तात्या, सायकलीला तीन चाकं?"

"आन् पायडल वर घे, हँडलापाशी."

गुंडाचं डोकं सणकलं. चार महिने राबून केलेल्या वस्तूत कुणी खोट काढलेली त्याला खपत नसे. त्यानं खिळ्यावरची सुतळी ओढून म्हाताऱ्यापुढं धरली. "ह्या मापाला केसभर चुकलो न्हाई मी. पायडल वर घेतल्यावर त्यानं पाय कुठं ठिवायचं?"

लालासाहेबांनी ती सुतळी गुंडाळून गुंडाच्याच मुठीत दिली आणि स्वतःच्या खिशातून दुसरी काढली. तिलाही गाठ मारलेली होती.

"हे हाताचं माप. पुण्याच्या मिल्ट्री दवाखान्यातनं घिऊन आलोय."