अष्टमीचा स्वयंपाक

"रविवारचं पक्कं मग," प्रताप फोनवर सांगत होता. "सकाळी सातला गुरुजींचा व्हिडिओ कॉल आहे. तर्पण उरकतो आणि निघतोच. बागेचा अकराचा स्लॉट घेतलाय. आणि ऐक विक्रांत, परतताना तुम्ही सगळे आमच्याकडेच जेवायला या. बाबांची अष्टमी आहे, पानाला बाहेरचं कुणी हवंच. आई आहे ना, ती करेल सगळं. वडे, खीर, कढी, अळूची भाजी."

त्याची आई, गिरिजाबाई, जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या होत्या. नातीनं, रेवानं, हट्टानं आपल्या आईचे गमबूट त्यांच्या पायांत चढवले होते, आत मोज्यांचे दोन जोड घालून. सफरचंदांच्या बागेत चिखल असतो म्हणे. "आजी, स्टँड अप! वॉक!" रेवा टाळ्या पिटत होती. उठता उठता गिरिजाबाई पुन्हा खाली बसल्या.

ती करेल सगळं. म्हणजे हे सगळे बागेत आणि आपण ओट्यापाशी.

दोन आठवडे मुलाच्या परदेशातल्या, सिटीवेस्टच्या या घरात दुसरा विषय नव्हता. रेवानं त्यांना बागेचे व्हिडिओ दाखवून दाखवून वेड लावलं होतं. नागपुरात सफरचंद म्हणजे दवाखान्यात कुणाला भेटायला जाताना घ्यायचं फळ, वर स्टिकर चिकटवलेलं. ते झाडाला कसं लागतं हे गिरिजाबाईंना एकदा बघायचं होतं, आपल्या हातानं तोडायचं होतं. पुढच्या शनिवारी त्यांचं परतीचं विमान होतं. हा रविवार गेला की गेलाच.

"आणि काकू? त्या नाही येत?" स्पीकरवरून विक्रांतनं विचारलं.

"तिला कुठे झेपतंय रे. चिखल, गारठा. ती घरात ग्रँड असते, एकदम मजेत."

गमबुटातल्या तळपायांची आग थेट मस्तकात गेली. चार हातांवर आई बसलीय आणि हा पठ्ठ्या तिच्याबद्दल असं बोलतोय, जशी ती घरात नाहीच. वर बापाची तिथी याला फोनवर 'उरकायची' होती! याचे वडील त्यांच्या वडिलांच्या तिथीला पान वाढेपर्यंत चहाचा घोटसुद्धा घेत नसत.

"फोन ठेव," त्या म्हणाल्या.

"एक मिनिट, आई, विक्रांतशी जरा..."

"ठेव म्हटलं ना!"

रेवा चपापली. स्वयंपाकघरात भांडी लावत असलेली निहारिका हात पुसत दारात आली. सासूबाईंचा असा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. प्रतापनं गुपचूप फोन बंद केला.

"मला विचारलं काय तू?"

"अगं, अष्टमी आहे. बाबांचं सोडून तुला यावंसं वाटेल का? मला वाटलं, तूच नको म्हणशील."

"वडील कोणाचे?"

"म्हणजे?"

"श्राद्ध मुलानं करायचं असते. बायकोनं दिवसभर रांधत बसायचं, असं कोणत्या गुरुजीनं सांगितलं? नाव सांग मला त्याचं."

"मी तर्पण करतोच आहे की."

"पळीभर पाणी सोडशील अन् सफरचंदं तोडायला पळशील! पाणी तुझं अन् राबणार मी. तुमच्या घराण्यातले झाडून सगळे पितर जेवू घातले मी, स्टोव्हवर घातले, गॅसवर घातले. आता इथं येऊनही तेच करू?"

प्रतापचाही आवाज चढला. "मग काय, कॅन्सल करू सगळं? सगळ्यांचा विरस करू?"

"कॅन्सल काहून? आम्ही जाऊन राहिलो ना. तू थांब घरी. बापाचं तू कर. लोकं जेवायला तूच बोलावले, तूच वाढ."

प्रताप हसला. आईला कोंडीत पकडल्यासारखं त्याला वाटलं असावं. "आणि गाडी कोण चालवणार?"

"मी," निहारिका म्हणाली.

तिनं वर्षापूर्वीच ड्रायव्हिंग टेस्ट पास केली होती, तीही पहिल्याच फटक्यात. पण प्रताप सोबत असला की किल्ली त्याच्याच खिशात असायची, आणि तिनंही कधी मागितली नव्हती. आता तिनं हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला.

"निहारिका, तू तरी शहाण्यासारखं..."

तिनं हात मागे घेतला नाही. प्रतापनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा आईकडे. मग त्यानं किल्ली काढून तिच्या हातावर आपटली.

"मला फक्त कुकर लावता येतो, आई," तो म्हणाला. रागानं बोलायला गेला, पण शेवटी शेवटी स्वर रडवेला झाला. "वडे मी जन्मात थापले नाहीत. नाहीच फुगले तर? चार लोक येणारेत जेवायला!"

गिरिजाबाई उठल्या. ते जड बूट ओढत त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. राग तसूभरही उतरला नव्हता, आवाज तेवढा खाली आला होता.

"तुझ्या आजीच्या श्राद्धाला माझे वडे नव्हते फुगले. तुझे बाबा भरल्या पानावरून उठून गेले होते, सगळ्या नातेवाइकांसमोर," त्या म्हणाल्या. "तू नको भिऊ. तुझ्या पानावरून नाही उठणार ते. तू मुलगा आहेस."