उसना अंगठा

अंगठा उसना देऊन वच्छलाला काय मिळणार होतं? फार झालं तर ईदला शिरखुर्म्याचा डबा. तो तर शेलूबाजारात शेजारच्या अमीनाबीकडून दरवर्षी येतच होता. म्हणजे नफा शून्य. तरीही मागच्या वर्षी तिनं अंगठा दिला. अमीनाबी पोटदुखीनं लोळत होती. तिचं नाव रेशनकार्डात आमेना आणि आधारात अमीना, म्हणून सरकारी विमा योजनेच्या मशीनला ती दोन बाया वाटत होती, आणि दोघींपैकी एकीचंही ऑपरेशन फुकट करायला मशीन तयार नव्हतं. वच्छलाचे कागद चोख. अंगठा तिनं टेकवला, पित्ताशय अमीनाबीचं निघालं.

यंदा तेच दुखणं वच्छलाच्या पोटात उठलं.

वाशिमच्या त्या खासगी दवाखान्यात योजनेच्या खिडकीमागे संघदीप बसतो. स्क्रीनवर आलेलं उत्तर त्यानं वाचून दाखवलं. "काकू, सरकारच्या हिशोबानं तुमचं पित्ताशय मागच्याच वर्षी काढलं. आता ते तुमच्या पोटात नाही."

वच्छला बाकावर दुमडून बसली होती. "नाही? मंग दुखून काय राह्यलं?"

तिचा नवरा उकंडराव सोनोग्राफीचा फोटो उजेडाकडे धरून उभा होता. खडे आहेत म्हणून सांगितलं होतं, ते तो शोधत होता. "हा फोटू धाडला न त्याहिले?"

"धाडला, काका. फोटूच चुकला असन म्हणतात."

डॉक्टर स्नेहा बाहेर आली. अंगठ्याची गोष्ट तिला सकाळीच कळली होती. "मी खरं काय ते लिहून पाठवते," ती म्हणाली.

"पाठवा न, मॅडम. चौकशी बसते. ती संपेपर्यंत दोघींचेही कार्ड बंद. अन् चौकशीले तारीख नसते," संघदीप म्हणाला.

वच्छलाच्या पित्ताशयात पू धरायला लागला होता. मोठ्या सरकारी दवाखान्यातली तारीख पुढच्या महिन्यातली होती. रोखीनं करायचं तर उकंडरावच्या घरात विकण्याजोगं काय उरलंय, हे डॉक्टरचं विचारून झालं होतं.

वच्छलानं मान वळवली. अमीनाबी भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. "तू तं माह्यं पित्ताशयच पळवून नेलं वं, अमीने."

"वापस कराले आली न." अमीनाबी उठून खिडकीशी गेली. "या साली मी नाव दुरुस्त करून आणलं, बेटा. आता मी एकच बाई हाये. पाह्य बरं, माह्या कार्डावर पोटात सारं हाये का नाही?"

संघदीपनं स्क्रीनकडे पाहिलं, मग वरच्या पंख्याकडे. "हाये," तो म्हणाला. याच्यापुढचं बोलायचा त्याला पगार नव्हता.

डॉक्टरला कळायला वेळ लागला नाही. "अजिबात नाही," ती म्हणाली. "एक खोटं झालं तेवढं पुरे. शुगर यांना आहे, तुम्हाला नाही. फाइल तुमची आणि माणूस दुसरं! रक्त द्यायची वेळ आली तर कोणाचा रिपोर्ट बघायचा? आणि टेबलावर यांचं काही झालं, तर कागदावर तुम्ही मराल, अमीनाबी. निराधारचा पगार बंद, रेशन बंद."

"माह्यं काय, मॅडम? मी उठून सांगत फिरीन, जिंदा हाये म्हणून." अमीनाबीनं वच्छलाकडे बोट केलं. "हिले उठता येणार नाही."

कळ आली तशी वच्छलानं ओठात पदर धरला.

डॉक्टरनं वच्छलाचं मनगट धरून नाडी पाहिली. "शुगर फाइलमध्ये लिहा," ती शेवटी संघदीपला म्हणाली. "रक्त नव्यानं काढा, माझ्यासमोर. सही मी करते." आणि कोणाकडेही न पाहता ती निघून गेली.

गोधड्या शिवून शिवून अमीनाबीच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजल्या होत्या. मशीन घेईना. तिनं तो ओढणीला घासला, जिभेवर ओला केला, पुन्हा घासला. अखेर हिरवा दिवा लागला.

ऑपरेशनच्या दारात सिस्टरनं स्ट्रेचर थांबवलं. आत जाण्याआधी पेशंटनं आपलं नाव आपल्याच तोंडानं सांगायचं, असा तिथला नियम. भलत्याच माणसाचं ऑपरेशन होऊ नये म्हणून.

"मावशी, नाव सांगा."

"अमीनाबी," वच्छला म्हणाली. हे तिला सोपं गेलं.

"पतीचं नाव?"

वच्छलाची नजर वर गेली. उकंडराव तिच्या उशाशी स्ट्रेचरचा दांडा धरून उभा होता. त्याचं नाव तिनं उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. प्रसेनजितचा बाप, नाही तर नुसतं 'घरचे'. मतदानाच्या खोलीत साहेबानं विचारलं, तरी ती मागच्या बाईला सांगायला लावायची.

"मावशी, लवकर. डॉक्टर थांबल्यात."

"मुनाफ," वच्छला म्हणाली. अमीनाबीचा नवरा. त्याला जाऊनही बरीच वर्षं झाली होती.

सिस्टरनं कागदावर बरोबरची खूण केली. उकंडरावनं दांड्यावरचा हात काढून घेतला. स्ट्रेचर आत गेलं, दार लागलं.

खर्च योजनेच्या खात्यात पडला. अंगठा अमीनाबीनं दिला, सही डॉक्टरनं दिली. आणि वच्छलानं जन्मात पहिल्यांदा नवऱ्याचं नाव घेतलं, तेही दुसरीच्या.