दुसरी खुर्ची

रविवारी सकाळी बाकावर पाच गिऱ्हाइकं खोळंबलेली असताना सलूनमधल्या नव्या कारागिराने आपल्या कात्र्या फडक्यात गुंडाळल्या आणि उद्यापासून येत नाही म्हणून सांगितलं. मालकांनी हातातली कात्री थांबवली नाही.

"वाटलंच होतं," ते म्हणाले.

मालकांना सगळंच आधी वाटलेलं असायचं. तीस वर्षं लोकांचे केस कापून त्यांनी एक गोष्ट पक्की ओळखली होती. खुर्चीत बसलेला माणूस नुकत्याच उठून गेलेल्या माणसाबद्दल बोलतो, आणि दोघं जिवलग मित्र असले तर जरा जास्तच बोलतो. त्यामुळे त्यांचा कुणावर म्हणून विश्वास उरला नव्हता. दूधवाल्यावर नाही, डॉक्टरवर नाही, सख्ख्या मेहुण्यावर तर मुळीच नाही. स्वतःचे केससुद्धा ते दुकान उघडण्याआधी दोन आरशांच्या मध्ये उभं राहून स्वतःच कापत. आपल्या मानेवर दुसऱ्याचा वस्तरा, ही विषाची परीक्षा घ्यायची कुणी!

नवा खरं तर आता नवा राहिला नव्हता. आठ महिने झाले होते. चाळिशीचा, दोन मुलींचा बाप, पण मालक त्याला अजून नवाच म्हणत. पहिल्याच दिवशी तो त्यांना म्हणाला होता, की मालक, तुमचे मागचे केस डावीकडे चढलेत, सारखे करून देऊ का? मालकांनी तेव्हाच ताडलं, की हा गडी गोड बोलून आधी आपलं डोकं हातात घेणार आणि मग दुकान. तेव्हापासून ते एक डोळा गिऱ्हाइकावर आणि एक नव्यावर ठेवून काम करत होते.

"कुठे, समोरच्या दुकानात चाललास का?" त्यांनी विचारलं.

"अजून कुठेच ठरलेलं नाही."

"मग बरं चाललंय ते सोडतोस कशाला?"

नव्याने आपल्या खुर्चीवरून हात फिरवला. तिचं रेक्झिन अजून कोरं करकरीत होतं. बाकावरचे पाचही जण एकाच वर्तमानपत्राची पानं वाटून घेऊन मालकांची खुर्ची रिकामी व्हायची वाट पाहत होते.

"मी बोलावलं तरी लोक म्हणतात, थांबतो थोडा वेळ," नवा म्हणाला. "त्यांचं चुकत नाही, मालक. तुम्ही स्वतः माझ्या हाती डोकं देत नाही, तर ते कशाला देतील?"

तो हे चिडून बोलला असता तर मालकांनी दोन ऐकवून विषय संपवला असता. पण त्याचा आवाज साधा होता, फक्त थकलेला. मालकांनी आरशातून बाकाकडे पाहिलं. पाचही चेहरे पानांआड गेले.

त्यांच्या खुर्चीत निवृत्त पोस्टमन बसले होते, वीस वर्षांचं गिऱ्हाईक. मालकांनी खाली वाकून त्यांना विचारलं, "काय हो, माझे मागचे केस खरंच वाकडे आहेत?"

पोस्टमन कापडाखाली चुळबुळले. "आता विचारताच आहात म्हणून सांगतो. पहिल्यापासूनच आहेत. आम्हाला वाटलं, तुम्हाला तसेच आवडतात."

बाकावर कुणाला तरी एकदम खोकला आला.

मालकांचे कान तापले. वीस वर्षं सगळी गल्ली त्यांच्या पाठीमागे हसली होती. आणि ज्या एकाने तोंडावर सांगितलं होतं, त्याच्यावर त्यांनी आठ महिने पाळत ठेवली होती. मालकांना मनापासून लाज वाटली. त्याहून वाईट म्हणजे, दुपारी दुकान ओस पडलं की दोघं मुकाट्याने चहा पीत बसायचे, ती उद्याची दुपार त्यांना एकट्याची दिसली.

त्यांनी पोस्टमनचं काम संपवलं, मानेवरचे केस ब्रशने झटकले आणि त्यांना निरोप दिला. मग ते दोन पावलं चालून गेले आणि दुसऱ्या खुर्चीत बसले. नवं रेक्झिन कुरकुरलं.

"कापड टाक," ते म्हणाले.

 नव्याने कात्र्यांचं फडकं सोडलं.

सुरुवातीला मालकांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. आरशातल्या कात्रीवरून त्यांची नजर हलत नव्हती. डावीकडे जपून, जरा जपून, असं त्यांनी चारदा बजावलं. नव्याने चारही वेळा हो म्हटलं. मग त्याने मानेवर कोमट फेस लावला आणि वस्तरा उघडला. बाकावर पान उलटायचं थांबलं.

वस्तरा एकदा वरून खाली आला. दुसऱ्यांदा आला. मालकांची बोटं सैल पडली. तीस वर्षं दुसऱ्यांच्या मानेमागे उभं राहून त्यांना कधी कळलं नव्हतं, की इथे इतकं सुखाचं वाटतं.

थोड्या वेळाने पहिल्या नंबरचा माणूस उठून पुढे आला. मालकांची मान मागून स्वच्छ, सरळ रेषेत दिसत होती. "झालं ना यांचं?" त्याने विचारलं. "मी बसू?"

नव्याने ओठांवर बोट ठेवलं. मालक घोरत होते.

पहिली खुर्ची रिकामीच होती. तो माणूस हळूच बाकावर परतला, आणि पाचही जण पानांचा आवाज होऊ न देता दुसरी खुर्ची रिकामी व्हायची वाट पाहू लागले.