मागून आणलेली बडगी

चाळीसच्या चाळीस लाल खुर्च्या टेंपोत चढल्या तेव्हा स्वप्नील एकेक मोजत दारात उभा होता. खुर्च्यांमागून साउंडबॉक्स गेला, कोऱ्या सतरंज्या गेल्या, पातेलीही गेली. टेंपो धुळ्याच्या दिशेनं दिसेनासा झाला. चोपड्यातल्या त्या भाड्याच्या गाळ्यात आता भिंतीवरचा लाकडी क्रूस आणि आमचे तरुण पाळकसाहेब स्वप्नील, असे दोघंच उरले.

हे सगळं अभिमनआबांच्या सांगण्यावरून. आबा धुळ्याचे निवृत्त पाळक. उभ्या हयातीत त्यांनी तीन नव्या ख्रिस्ती मंडळ्या उभ्या केल्या होत्या, म्हणून स्वप्नील रडकुंडीला येऊन त्यांच्याकडे सल्ला मागायला गेला होता. चोपड्यात ख्रिस्ती घरं अकरा. सहा महिने झाले, माणसं रविवारी यायची, खुर्चीच्या टोकावर अंग चोरून बसायची, चहा घ्यायची आणि लग्नाला आलेल्या पाहुण्यांसारखी निघून जायची. तीही उशिरा आलेली. उपासना संपली की स्वप्नील दर खेपेला हात जोडायचा, पुढच्या रविवारी जरा वेळेवर या. पुढच्या रविवारी दोघं-तिघं कमीच यायची. नाताळपर्यंत मंडळीनं मूळ धरलं नाही तर गाळा सोडून परत ये, असं त्याला पाठवणाऱ्या धुळ्याच्या कमिटीनं कळवून टाकलं होतं. नाताळ महिन्यावर आला होता. स्वप्नीलनं वही उघडून विचारलं, आबा, आणखी काय काय आणू?

"बठ्ठं तू इकत आनं," आबा म्हणाले. "मंग तठे त्यासनं काय शे?"

सगळं तूच विकत आणलंस, मग तिथं त्या माणसांचं असं काय आहे, एवढाच त्यांचा सवाल. बाकी सल्ला दोन वाक्यांचा होता. आहे ते सगळं परत पाठव. रविवारी भरिताचा बेत कर आणि लागेल ती वस्तू त्या अकरा घरांतून मागून आण.

स्वप्नील एका शाळामास्तरांचा मुलगा. कुणापुढे हात पसरायचा नाही, या शिकवणीत वाढलेला. पितांबर गुरुजींच्या दारात सतरंजी मागण्याआधी तो दोनदा मागे फिरला. बेबाबाईंकडे पातेलं मागायला गेला आणि आधी दहा मिनिटं हवापाण्याचंच बोलत बसला. सगळ्यात अवघड गेली ती झुंबरबाई. भरीत ठेचायची खोलगट लाकडी बडगी तिच्याकडे होती, तिच्या आईच्या हातची, वापरून वापरून आतून गुळगुळीत झालेली. तिनं ती दिली खरी, पण देताना स्वप्नीलला तीनदा बजावलं. पाण्यात बुडवून ठेवायची नाही, उन्हात ठेवायची नाही, कडेवर मुसळी मारायची नाही. स्वप्नीलनं बाळ घ्यावं तशी ती दोन्ही हातांनी घेतली.

रविवारी उपासना दहाची. सकाळी आठलाच स्वप्नीलनं गाळ्यामागच्या मोकळ्या जागेत कपाशीच्या काड्या पेटवल्या, वांगी भाजली, सोलली आणि बडगीत घालून मुसळी हाणली. तिसराच घाव कडेवर बसला.

"सरक," मागून आवाज आला. झुंबरबाई कधीची येऊन उभी होती. आपली बडगी धड आहे ना, एवढंच बघायला ती आली होती. तिनं मुसळी त्याच्या हातातून काढून घेतली, पदर खोचला आणि बैठक मारली. थोड्या वेळानं बेबाबाई आल्या, पातेलं करपू नये म्हणून. त्यांनी येताना मिरच्या आणि कांद्याची पातही आणली. पितांबर गुरुजी आपली सतरंजी चिखलात तर अंथरली नाही ना, हे पाहायला आले आणि ती सरळ करता करता माणसं कुठं बसतील तेही ठरवू लागले. पावणेदहाला अकराही घरांतली माणसं आत होती. कुणी अंग चोरून बसलं नव्हतं, कारण जो तो आपापल्या वस्तूजवळ बसला होता. साउंडबॉक्स नसताना गाणं पार कोपऱ्यावरच्या पानटपरीपर्यंत गेलं.  स्वप्नीलला फार आनंद झाला होता.

भरीत-भाकरी पोटभर झाली. भांडी घासून झाली. स्वप्नीलनं बडगी कोरड्या फडक्यानं पुसली आणि सांभाळून झुंबरबाईपुढे धरली. तिनं ती घेतली, पण दाराकडे न जाता आत वळली आणि क्रूसाखालच्या कोपऱ्यात पालथी घालून ठेवली. मग बाहेर येऊन तिनं शटर खाली ओढलं, कुलूप लावलं, त्याची चावी आपल्या घरच्या जुडग्यात अडकवली आणि जुडगा कनवटीला खोचला. स्वप्नील पायरीवर उभा होता.

"मनी बडगी आतमा शे, चावी मनाजोडे ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "आनि भाऊ, पुढला ऐतवारले जरा टाइमवर ये."