डावीकडची सीट

"इंजिन जाम झालंय," बॉनेटमधून डोकं वर काढत गॅरेजवाले सुर्वे म्हणाले. "ऑइलचा थेंब नाही आत. चालवतं कोण ही?"

"कोणीच नाही," मी म्हणाले. अप्पा गेल्यापासून त्यांची गाडी सोसायटीच्या पार्किंगमधून हललीच नव्हती.

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. "मी सुरू करायचे," ती हळूच म्हणाली. "रोज सकाळी, ह्यांच्या ऑफिसच्या वेळेला. माझ्या जागेवर, डावीकडे बसून नुसती किल्ली फिरवायची. थोडा वेळ ऐकायचं आणि बंद करून वर यायचं."

"अगं, मग समोर ऑइल संपल्याचा लाल दिवा नाही का लागला?"

"लागायचा की. मला वाटलं, गाडी सुरू असल्याची खूण असेल ती." तिने गाडीवरून हात फिरवला. "माझ्याच हाताने गेली गं ह्यांची गाडी."

सकाळपासून मी गाडी भंगारात काढायच्या गोष्टी करत होते. आता घाईघाईने म्हणाले, "सुर्वेकाका, नवं इंजिन बसवा."

आईने डोळे पुसले. "पण आवाज तोच राहील ना हो?"

"छे! तो जुना खडखडाट गेलाच म्हणून समजा," सुर्वे खुशीत म्हणाले. "आत बसलात तरी कळणार नाही वहिनी, गाडी चालू आहे ते."

आईने डावीकडचं दार उघडलं, सीटवरून एकदा पदर फिरवला आणि दार हलकेच लावून घेतलं.

"मग राहू दे," ती म्हणाली.