गोड पेरूची पारख

चारठाण्याच्या जुन्या देवळामागं चिंचेवर वटवाघळं लटकलेली असतात. इबोलाच्या जातीचे विषाणू अंगात असले तरी वटवाघूळ आजारी का पडत नाही, हे शोधायला पुण्याहून डॉ. अर्पिता तिघा सहकाऱ्यांना घेऊन आल्या. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, चष्मा, मास्क, हातमोज्यांवर आणखी हातमोजे. एका वटवाघळाच्या लाळेचा नमुना घेतला की ते हातमोजे लगेच वेगळ्या पिशवीत बंद. "वटवाघळाला कुणीही हात लावायचा नाही," अशी सगळ्या गावाला सक्त ताकीद.

काम आटोपल्यावर चौघं कोपरापर्यंत साबण चोळून, हात धुऊन देवळाशेजारच्या कस्तुराबाईंच्या ओसरीवर टेकले. समोर परात आली. सोललेल्या पेरूच्या फोडी, वर तिखट-मीठ. परात रिकामी झाली. दुसरी आली, तीही संपली.

"मावशी, एकही फोड फिक्की नाही!" बोटं चाटत डॉ. अर्पिता म्हणाल्या. "आम्ही बाजारातून आणतो ते निम्मे पाणचट निघतात. गोड पेरू नुसता बघून कळतो कसा तुम्हाला?"

कस्तुराबाई पदरानं तोंड पुसत लाजल्या. "मला कशाचं कळतंय, मॅडम? पण पाहुण्यायला पाणचट कसं द्यावं?"

 

"रातच्याला वटवाघळायनी तोंड लावलेले तेवढेच वेचून आणले बघा. त्यायला हात मात्र लावला न्हाई, तुमी सांगितलं तसं."